सव्वाशे किलो, मंजूर

माझ्या मंजुरीला किंमत आहे, असं मी अठरा वर्षं समजून चाललो होतो. आमचं ऑफिस जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर आहे, खाली रंगाचं दुकान. तीन साखर कारखान्यांच्या ऊसनोंदी आणि दोन खासगी रुग्णालयांच्या रुग्णनोंदी आम्ही सांभाळतो, म्हणजे त्यांचे डेटाबेस सांभाळतो. माझ्या सासऱ्यांना अजूनही वाटतं की जावई प्रिंटर दुरुस्त करतो. असो. या नोंदींत एक अक्षर जरी बदलायचं झालं तरी आमच्याकडे दोन माणसं लागतात. एकानं बदल लिहून पाठवायचा, दुसऱ्यानं तो वाचून मंजूर करायचा. स्वतःचा बदल स्वतःला मंजूर करता येत नाही, कॉम्प्युटर घेतच नाही. हा नियम मी आणला. तो भिंतीवर फ्रेम करून लावलाय, खाली माझं नाव आहे, आबासाहेब. ऑफिसातले बहुतेक बदल माझ्याच मंजुरीनं जातात आणि त्याचा मला गर्व होता. मी मंजूर केलं म्हणजे बघायलाच नको, असं लोक म्हणायचे. ते मला फार आवडायचं.

फेब्रुवारीत एका रुग्णालयानं आम्हाला फुकट तपासून दिलं. ऑफिसातल्या चौघांचे कागद आले. मी चव्वेचाळीस वर्षांचा, वजन एक्क्याण्णव किलो, आणि रक्तात जे जे कमी असायला हवं ते सगळं जास्त. सोहेबचं तेच, फक्त तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. अभिमन्यू केम गावचा, शेतकरी घरातला. त्याच्या अंगात पिढीजात ताकद आहे असं तो स्वतः सांगतो. त्याच्या कागदावर डॉक्टरांनी लाल पेनानं दोनदा गोल केला होता. चौथी दाक्षायणी, अक्कलकोटकडची, तिशीच्या आतली, घरी कानडी आणि ऑफिसात शक्यतो काहीच न बोलणारी. तिचा कागद अगदी चांगला होता, म्हणून त्यावर कुणी चर्चा केली नाही.

चौघांनी होटगी रोडच्या एका जिममध्ये नावं घातली. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी बूट घालून गेला असता. आम्ही डेटाबेसवाले. आम्ही आधी टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, करायला बसलो.

दोन आठवडे त्यात गेले. तारीख, नाव, व्यायाम, वजन, किती वेळा उचललं, नोंद कुणी केली, मंजूर कुणी केली. वजनाला दशांशाची किती घरं द्यायची यावर मी आणि सोहेब जेवणाच्या सुट्टीत इतके भांडलो की खालच्या दुकानाचा मालक वर आला. शेवटी दोन घरं ठरली. दाक्षायणी म्हणाली, "सर, सव्वा किलोच्या खाली प्लेटच मिळत न्हाय तितं." ती जाऊन बघून आली होती. तिच्याकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

"आबा, ज्या दिवशी जिमला न्हाय गेलो त्या दिवशी काय टाकायचं?" सोहेबनं विचारलं. "शून्य?"

"शून्य नाही. रिकामं ठेवायचं."

"फरक काय पडतोय?"

"शून्य म्हणजे तू गेलास, रॉडपाशी उभा राहिलास आणि काही उचललं नाहीस. रिकामं म्हणजे तू काय केलंस ते कुणालाच ठाऊक नाही."

"मंग सोहेबचं रिकामंच बरं," अभिमन्यू म्हणाला. "शून्य लिवलं तर अब्रू जाईल की."

"तू तुझं बघ बे. तुझ्या पोटाला येगळा रकाना लागतोय."

"ह्ये पोट न्हाय, ही ताकद हाय. आमच्या आज्ज्यानं गाडीचं चाक एका हातानं उचललं हुतं."

"मग आज्ज्याची नोंद करू," मी म्हणालो. "मंजुरीला तो आहे का?"

असं चाललं होतं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत दंड फुगल्यासारखे वाटायला लागले आणि अजून एकानंही रॉडला हात लावला नव्हता.

टेबल झालं, मग आम्ही गेलो. पहिल्या आठवड्यात मी डेडलिफ्ट केली. म्हणजे जमिनीवर पडलेला रॉड दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं, बाकी काही नाही. साठ किलो. सोहेबनं शेजारी उभं राहून बघितलं आणि मोबाइलवर मंजूर केलं. त्याचं अभिमन्यूनं मंजूर केलं, अभिमन्यूचं मी. गोल पूर्ण. मला वाटलं, जगात इतकी चोख व्यवस्था दुसरीकडे कुठं नसेल.

तिसऱ्या आठवड्यात माझा गुडघा धरला. एक दिवस गेलो नाही, दोन दिवस गेलो नाही. रकाना रिकामा दिसायला लागला, आणि रिकामा रकाना मला बघवत नाही, हा धंद्याचा रोग आहे. मी सत्तर लिहिलं. गेलो असतो तर सत्तर उचललंच असतं, असा माझा प्रामाणिक अंदाज होता. सोहेबला कळेल अशी भीती होती. पण त्याच्याकडून लगेच मंजुरी आली. मला वाटलं, काय विश्वास आहे माणसाचा माझ्यावर. त्या दिवशी सोहेबचीही नोंद आली, अभिमन्यूचीही आली. अभिमन्यूची मी बसल्या जागी मंजूर केली. त्याच्या अंगात ताकद होतीच की पिढीजात.

मग दर आठवड्याला पाच किलो. फार लोभ केला नाही. वाढ नियमित आणि शास्त्रशुद्ध ठेवली, मधे एकदा सर्दी झाल्याचं दाखवून वजन कमीही केलं, म्हणजे नोंद खरी वाटावी. गंमत अशी की मला मनापासून वाटत होतं, खोटं फक्त मी लिहितोय आणि ते दोघं रोज जातात. नंतर कळलं, त्या दोघांनाही हेच वाटत होतं. तिघंही एकमेकांना तोंड दाखवायला नको म्हणून जिमच्या रस्त्यानं जात नव्हतो.

दाक्षायणीचं वेगळं होतं. ती रोज पहाटे साडेपाचला जायची. तिच्या नोंदीखाली ती एक ओळ लिहायची, "बघितल्याशिवाय मंजूर करू नये." आता अशी ओळ वाचल्यावर बटण दाबायचं कसं? तिनं दोन-तीनदा विचारलंही, "उद्या कुणी बघायला येता का सर?" मी म्हणालो, बाईमाणसाचा व्यायाम बघायला पुरुषांनी जाणं बरं दिसत नाही. सोहेब म्हणाला, बिल्कुल बरोबर. अभिमन्यू म्हणाला, आपले काही संस्कार हायेत. पहाटे साडेपाचला उठायची वेळ आली की आमचे संस्कार फार कडक होतात. तिच्या नोंदी तशाच पडून राहिल्या.

महेश्वर सर आमचे मालक. त्यांना तक्ते आवडतात. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि त्यावर आमच्या टेबलातून चौघांच्या शेवटच्या नोंदीच्या उभ्या पट्ट्या काढल्या. फक्त मंजूर नोंदी मोजायच्या, हा नियम माझाच. माझी पट्टी सगळ्यात उंच, सव्वाशे किलो. सोहेब एकशे पंधरा. अभिमन्यू एकशे वीस. दाक्षायणीच्या नावापुढं काहीच नाही. बाहेरची माणसं आली की तिच्या नावाकडं बघून हसायची. आम्हीही हसायचो. "दाक्षायणी, एवढी फी भरतेस, एकदा तरी जाऊन ये की जिमला," असं मी स्वतः म्हणालोय, चारचौघांत. ती म्हणाली, "बघायला या म्हणलो की सर." आणि कामाला लागली.

जूनच्या एका शुक्रवारी महेश्वर सर हसत हसत आत आले. चिंचोळी एमआयडीसीतल्या काही कारखान्यांनी मिळून डेडलिफ्टची स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक कंपनीकडून एक माणूस, पुढच्या रविवारी, शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

"आबा, तुमचं नाव दिलोय मी," ते म्हणाले. "सव्वाशे किलो म्हणून कळवलो बी. त्येनी विचारले, नक्की का? मी म्हणलो, आमच्याकडं बिनमंजुरीचा आकडाच नसतोय."

मी काय करणार? मी मान डोलावली. सोहेब आणि अभिमन्यू टाळ्या वाजवायला लागले. इतक्या जोरात का वाजवत होते ते मला तेव्हा कळलं नाही. आपलं नाव आलं नाही म्हणून वाजवत होते.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण महेश्वर सरांनी ते बायकोला सांगितलं, त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला, पूनमला, आणि संध्याकाळी घरी गेलो तर माझी सातवीतली मुलगी वैष्णवी दारातच होती. "बाबा, सव्वाशे म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त ना? मी वर्गात सांगणार. शर्वरी आणि तिची आई पण बघायला येतील." पूनमनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तिनं ताटात तिसरी कडक भाकरी न मागता वाढली. ज्या माणसाला सव्वाशे किलो उचलायचं आहे त्यानं खायला नको का, असं तिचं तोंड होतं.

शनिवार, रविवार, सोमवार मी एकच विचार केला. कंबर धरली म्हणावं? मग सहा महिने वाकता येणार नाही. गावाला जावं? महेश्वर सर गाडी पाठवतील. उचलायला जावं आणि तिथं फजिती करून घ्यावी? वैष्णवीचा चेहरा डोळ्यांपुढं आला की घाम फुटायचा. मग मंगळवारी सुचलं. मी डेटाबेसचा माणूस आहे. आकडा चुकलाय तर आकडा दुरुस्त करावा. सव्वाशेचे साठ केले की टीव्हीवरची पट्टी खाली येईल, दुसऱ्या कुणाची वर जाईल, त्याचं नाव स्पर्धेला जाईल आणि मी टायपिंगची चूक म्हणून सुटेन. फक्त दुरुस्तीलाही मंजुरी लागणार. सोहेबला सांगावं तर त्याला कळणार. अभिमन्यूला सांगावं तर केमपर्यंत कळणार. राहिली दाक्षायणी.

बुधवारी दुपारी मी तिच्या टेबलापाशी गेलो. "एक छोटी दुरुस्ती पाठवलीय. सव्वाशेचे साठ करायचेत. तेवढं मंजूर कर."

तिनं वाचलं. तीन-चार ओळींची गोष्ट, पण तिनं वाचली. "तुमी साठ उचललेलं मी बघितलो न्हाय सर."

"अगं, कमी करायचंय. वाढवायचं असतं तर गोष्ट वेगळी."

"कमी तर कमी. बघितल्याबिगर कसं म्हणू साठ म्हणून? पन्नास बी असंल." तिनं हे चेष्टेत म्हटलं नाही, हेच जास्त लागलं. "उद्या साडेपाचला या की."

"बाईमाणसाचा—" मी सुरुवात केली.

"उद्या तुमचा व्यायाम मी बघणारय सर. माझा न्हाय."

गुरुवारी पहाटे मी टोपी डोळ्यांवर ओढून जिमच्या दारात गाडी लावली. शेजारी सोहेबची गाडी. सोहेबनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, बहिणीकडं विजापूरला जातोय. आत गेलो तर सोहेब रॉडपाशी उभा, आणि बाकड्यावर बुटाची लेस बांधत अभिमन्यू. अभिमन्यू रात्रीच्या गाडीनं केमला गेला होता, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

"तू विजापूरला होतास ना?" मी म्हणालो.

"तुमी हितं कसं काय आबा?" सोहेब म्हणाला.

अभिमन्यू लेस बांधतच राहिला. एकाच बुटाला त्यानं किती गाठी मारल्या कोण जाणे.

दाक्षायणी पलीकडून प्लेटा घेऊन आली. तिघांच्याही दुरुस्त्या तिच्याकडं आल्या होत्या. तिघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न सांगता, गुपचूप. पुढच्या वेळी आपलं नाव जाईल ही धास्ती त्या दोघांनाही होतीच. काल दुपारी मी तिच्या टेबलापाशी जाण्याच्या तासभर आधी सोहेब गेला होता, आणि माझ्यानंतर अभिमन्यू. ती आम्हा तिघांना एवढंच म्हणाली, "कोण आधी?"

सोहेबनं पासष्ट उचललं. अभिमन्यूनं सत्तर उचललं आणि खाली ठेवताना आज्ज्याचं नाव घेतलं. मी पंचावन्न उचललं. साठ अर्ध्यापर्यंत आलं, गुडघ्याच्या वर चार बोटं, आणि तिथं थांबलं. दाक्षायणी खाली वाकून बघत होती, अगदी रॉडच्या पातळीला डोळे लावून. अर्ध्यात राहिलेल्या वजनाला आम्ही टेबलात जागा ठेवली नव्हती. मी दुरुस्तीत साठचे पंचावन्न केले आणि तिनं मंजूर केलं. मला लाज वाटली, पण त्यात एक वेगळाच सुखाचा भाग होता. तीन महिन्यांनी पुन्हा माझ्या नावापुढं एक खरा आकडा होता.

मग तिनं स्वतःचं लावलं. पंच्याण्णव. आम्ही तिघं बाजूला उभे. ती रॉडपुढं आली, हाताला खडू लावला, एकदा खाली बघितलं आणि उभी राहिली. काही आरडाओरडा नाही, तोंड वाकडं नाही. भरलेला हंडा उचलावा तशी उभी राहिली, दोन क्षण थांबली, रॉड खाली ठेवला.

"मी मंजूर करतो," मी म्हणालो. मी मोबाइल काढला.

"नीट बघितलात न्हवं सर?"

"बघितलं."

सोहेब आणि अभिमन्यू चहाला बाहेर गेले, हसत, एकमेकांना शिव्या देत. माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मी बाकड्यावर बसून दाक्षायणीला म्हणालो, "बरं झालं, जिमचंच होतं. कामात आपण असं करत नाही, एवढं नशीब."

ती प्लेटा काढत होती. तिनं एक प्लेट जागेवर ठेवली, दुसरी ठेवली. मग म्हणाली, "सर, मार्चमधी मी एक बदल पाठवली होती. रुग्णालयाची. दोनदा नोंद झालेले पेशंट एक करायची यादी. एक्केचाळीस नावं."

मला आठवेना. "मंजूर केली असेन मी."

"केलात. सात सेकंदांत." ती माझ्याकडं बघत नव्हती. "त्यात एक बजाबाई होती. गाव एक, आडनाव एक, वय बी एक, बासष्ट. मला वाटलं एकच बाई दोनदा लिहिलेत. बदल कॉम्प्युटरवर चालवायच्या आधी जिवाला काय वाटलं काय की, परत काढून बघितलो. एकीचा रक्तगट ओ, दुसरीचा एबी. दोन बायका होत्या सर. चुलत जावा का काय असतील. मी चालवली असती तर एक बाई गेली असती त्यातनं, आणि तिचं सगळं दुसरीच्या नावावर चढलं असतं, रक्तगटासकट."

मी बाकड्यावरून उठलो.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "पण तुमची मंजुरी आली तवा मी म्हणलो, आबा सरांनी बघितलेत, म्हणजे बरोबरच असणार. चालवणारच होतो. त्या दिवसापासनं मी लिवायला लागलो, बघितल्याशिवाय मंजूर करू नये म्हणून. तुमच्यासाठीच लिवत होतो."

मला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. सव्वाशे किलोची शरम तिच्यापुढं काहीच नव्हती. ती माझी फजिती होती, ही एका बाईच्या जिवाची गोष्ट होती, आणि दाक्षायणीनं तीन महिने मला सांगितलीसुद्धा नाही, मोठा माणूस म्हणून.

ऑफिसला गेलो आणि पहिलं काम ते केलं. वर्षभरात मी किती बदल मंजूर केले आणि प्रत्येकाला किती वेळ घेतला. हे काढायला मला एक ओळ लिहावी लागली. असल्या गोष्टी आम्हाला चुटकीसरशी काढता येतात, म्हणूनच बहुधा कधी काढत नाही. एक हजार तीनशे सोळा बदल. सरासरी आठ सेकंद. त्यातले चारशे बदल रुग्णालयांचे.

शुक्रवारी महेश्वर सर आले आणि टीव्हीसमोर थबकले. तीन पट्ट्या निम्म्यावर आल्या होत्या आणि दाक्षायणीची सगळ्यांच्या वर गेली होती.

"टीव्ही बिघडलाय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानं, सगळ्यांसमोर. जिमचं सगळं. त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसले. "मग दाक्षायणीचं नाव देतो. महिलांचा गट बी हाय तितं. ह्ये बरंच झालं की, पेपरात फोटो येईल."

"सर, अजून एक आहे. कामाचं. मंजुऱ्यांबद्दल."

"आबा, रविवारनंतर."

"रुग्णालयाचं आहे सर. महत्त्वाचं आहे."

"मग लिहून पाठवा की. मंजूर करतो," असं म्हणून ते फोटोग्राफर ठरवायला गेले.

घरी वैष्णवीला सांगितलं. तिनं विचारलं, "मग सव्वाशे किलो कुणी उचलले?"

"कुणीच नाही."

"लिहिलं कुणी?"

"मी."

"आणि बरोबर म्हणालं कोण?"

"सोहेबकाका. न बघता."

"आमच्या वर्गात बाई वह्या शेजारच्याला तपासायला देतात," ती म्हणाली. "आम्ही पण असंच करतो." तिला माझा राग आला नव्हता, ती मला आपल्यातलाच समजत होती, आणि ते मला रागापेक्षा जास्त झोंबलं. शर्वरीला काय सांगायचं ते ती बघून घेणार होती. स्पर्धेला मात्र ती येणारच म्हणाली.

रविवारी सकाळी शेडमध्ये तीनेकशे माणसं. पत्र्याखाली उकाडा, भोंग्यावर कुणीतरी प्रत्येक कंपनीचं नाव चुकीचं वाचत होतं. मी आणि वैष्णवी पुढच्या रांगेजवळ, बाजूच्या खुर्च्यांवर. मी रात्रीच लिहून ठेवलं होतं, आता मोबाइलवर परत एकदा वाचलं. लिहिलं होतं ते असं: मी आबासाहेब, गेल्या वर्षभरात एक हजार तीनशे सोळा बदल न वाचता मंजूर केले आहेत. ते सगळे पुन्हा तपासावेत. तपासणी होईपर्यंत नवीन एकही मंजुरी मी देणार नाही. दोन्ही रुग्णालयांना ही गोष्ट आजच, लेखी, माझ्या नावानं कळवावी. मंजुरी द्यावी, महेश्वर सर. खाली रुग्णालयांना जायचं पत्र जोडलं होतं.

माझं काय होईल हे मला माहीत होतं. नोकरी राहील कदाचित. नियमाखालचं नाव राहणार नाही, आणि सोलापूर काही मोठं गाव नाही. अंगठा बटणावर धरून मी किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. पुढं भोंग्यावर दाक्षायणीचं नाव पुकारलं, तेही चुकीचं. ती आली, पंच्याण्णव लावलेल्या रॉडपुढं उभी राहिली. मी पाठवून दिलं.

महेश्वर सर पुढच्या रांगेत उभे राहून तिचा व्हिडिओ काढत होते. त्यांच्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर माझ्या विनंतीची सूचना आली असणार, कारण त्यांनी कपाळाला आठी घातली, माशी हाकलावी तसा अंगठा एकदा खाली, एकदा उजवीकडं फिरवला, आणि पुन्हा व्हिडिओ नीट धरला. माझ्या मोबाइलवर उत्तर आलं. मंजूर. चार सेकंद.

"त्यांनी वाचलं का बाबा?" वैष्णवीनं विचारलं. ती सगळं बघत होती.

"नाही."

"मग आता?"

"आता मंजूर झालं. मंजूर झालेलं काम थांबवता येत नाही." मी दोन्ही रुग्णालयांना पत्र पाठवलं.

दाक्षायणी रॉड घेऊन ताठ उभी राहिली होती. शेडमध्ये टाळ्या पडल्या. तिनं नंतर शंभर लावलं, ते उठलं नाही, आणि ती तिच्या गटात दुसरी आली. महेश्वर सर सगळ्यांना फोटोला बोलवायला लागले. सोहेब आणि अभिमन्यू दोन्ही बाजूंनी तिच्याजवळ उभे राहिले, जणू तिला त्यांनीच तयार केलं होतं. तेवढ्यात महेश्वर सरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, माझ्याकडं वळून खुशीत म्हणाले, "बघा आबा, रुग्णालयातनं फोन. त्येनला बी कळलेलं दिसतंय," आणि फोन कानाला लावला.

मी वैष्णवीला तिथंच बसायला सांगितलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.